निवडुंगाची राखण

३ जुलै
माणसाच्या सहनशीलतेला मर्यादा असते, हे या घडीच्या खुर्चीला कुणीतरी सांगायला हवं. बसलं की पट्टी खचते आणि मी कमरेतून दुमडतो. खुर्ची लिब्रादोची. माझ्या थोरल्या लेकीचा धर्मपिता, म्हणून माझा कोंपाद्रे. ईस्टरला आमच्याकडे मांस भाजायला आला तेव्हा आणली, ती राहिली. परत मागत नाही. यातच काय ते आलं.

६ जुलै
विद्यापीठाची बाई पाहणीला येणार. माझ्या रानातलं तारा-निवडुंग आणि लिब्रादोच्या ओढ्यातला शिंपला, दोन्ही नामशेष व्हायच्या बेतात. संरक्षणाची पाटी मात्र बाई एकाच्याच जागेत लावणार. कसली तुलना! माझं निवडुंग फुलतं. शिंपला तोंड मिटून चिखलात पडतो, मालकासारखा.
लिब्रादो म्हणाला, "तुझ्या कॉफीचं पाणी माझा शिंपला गाळतो, कोंपाद्रे. तुझं निवडुंग काय करतं?"
 

९ जुलै
निवडुंग गायब! मेस्कीटच्या झुडपाखाली नुसती भेगाळलेली माती. काटे नसलेलं निवडुंग, म्हणजे चोराची सोयच. बुटांचे ठसे लिब्रादोचे. माझे बूटही त्याच दुकानातले, पण स्वतःवर कसा संशय घेणार? बायको, चायो, म्हणते, "नीट बघ, म्हाताऱ्या." चायोला तपासातलं काही कळत नाही.

१० जुलै
डॉमिनो खेळताना चौघांत लिब्रादोला सरळ विचारलं. त्याने सोंगट्या पालथ्या घातल्या आणि घरी गेला. निर्दोष माणूस भांडला असता.

१२ जुलै
चोर जागेवर परत येतोच. झुडपाखाली खुर्ची टाकून पहारा. झोपलो नाही. डोळे मिटून विचार केला.

१५ जुलै
बाई आली. मी चोरीची हकीकत सांगत होतो, तर म्हणाली, खुर्ची जरा सरकवा. कुंचल्याने माती झाडली. खुर्चीच्या पायाखाली निवडुंग. पाऊस नसला की आक्रसून मातीत शिरतं म्हणे. ओढा आटला की शिंपलाही तसाच चिखलात शिरतो. निवडुंग जिवंत आहे. एक कड दबली.
बाईने कडक आवाजात विचारलं, यावर कोण बसलं होतं?
लिब्रादो कुंपणापलीकडे उभा होता. म्हणाला, "खुर्ची माझी आहे, बाई."
मी आभाळाकडे पाहिलं. ढग नव्हते.

१६ जुलै
खुर्चीला नवी पट्टी बसवली. घट्ट. उजाडायच्या आत त्याच्या फाटकाला टेकवून आलो. कुत्रं भुंकलं नाही. ओळखतं मला.