गाडीला हात न लावण्याबाबत

चाळीस वर्षांपूर्वीचा एक रविवार. जेवणे आटोपली होती. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे यजमान गाडीखाली उताणे पडले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते, डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी स्टुलावर बसून भाजी निवडत होते आणि मागतील तो पाना आत सरकवत होते.

"तेराचा दे."

मी दिला.

"अगं, हा बाराचा."

"मग तेराचा तुमच्याच पोटावर असेल. मघाशी दिलाय."

गाडीखालून हसू ऐकू आले. त्या दिवशी याहून जास्त काही घडले नाही.

वकीलबाई म्हणाल्या, लिहिणारीची बुद्धी शाबूत आहे हे सुरुवातीलाच दिसले पाहिजे. मोज्याचे भोकसुद्धा आठवते, याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही. तर मी, वय वर्षे अडुसष्ट, शाळेची निवृत्त ग्रंथपाल, कोणाचाही दबाव नसताना, पूर्ण विचारान्ती आणि स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. माझे अक्षर शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेले आहे, तेव्हा वाचता आले नाही ही सबब कोणी सांगू नये.

कलम १. बारा वर्षांपूर्वी यजमानांनी आणि मी मिळून केलेल्या मृत्युपत्राची जागा आता हे मृत्युपत्र घेईल. यजमानांच्या पश्चात सगळे माझ्या नावावर आले आहे. जुन्या कागदात घर मुलाला आणि गाडी मुलीला होती. तो कागद वाचला तेव्हा मुलगा म्हणाला होता, "भंगार छोटीला? खुशाल द्या. उचलून न्यायचं भाडं मी भरतो." त्यावर मुलीने त्याला उशी फेकून मारली होती. आम्ही चौघेही हसलो होतो. त्या वेळी ती वाटणी कोणालाच अन्यायाची वाटली नव्हती.

कलम २. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलाला. बाथरूमचा नळ उजवीकडे फिरवल्यावर बंद होत नाही, थोडा वर उचलावा लागतो. बँकेतली ठेव मुलीला. माझी पुस्तके शाळेला, फक्त ज्यांत मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत ती रद्दीत घालावीत. ते माझे मलाच बरे.

कलम ३. गाडी. लाल रंगाची, दोन जणांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यजमानांनी ती एका ठेकेदाराकडून घेतली. त्याने झाडावर घातली होती आणि पुन्हा तिचे तोंड पाहायचे नव्हते. पैसे माझ्या शिलाई यंत्रासाठी साठवलेले होते. यंत्र मला कधीच मिळाले नाही, हे इथे नोंदवून ठेवते आणि सोडून देते.

यजमान कारखान्यात टर्नर होते. गाडीचे सुटे भाग कुठे मिळत नसत, मग ते सुटी झाल्यावर लेथवर स्वतः करत. घरात चार माणसे आणि गाडीत जागा दोघांना. छोटी माझ्या मांडीवर मावायची, मुलगा मोठा होता. त्याला दर वेळी "पुढच्या रविवारी तू हं" असे सांगितले जाई. पुढच्या रविवारी गाडी बहुधा उघडून ठेवलेली असे. तो पाना द्यायला आला की हे म्हणायचे, "तू अभ्यास कर, हात काळे करू नकोस." प्रेमानेच म्हणायचे. पण त्याला तिथून घालवले जाते आहे असेच वाटत असणार. हे मला फार उशिरा कळले.

कलम ४. इमारतीच्या सेक्रेटरींनी वीस वर्षे धुराबद्दल आणि तेलाच्या डागांबद्दल आम्हाला पत्रे लिहिली. गाडीला ते 'खटारा' म्हणत. आता आल्यागेल्याला शेडपाशी नेऊन "मी पहिल्यापासून ओळखलं होतं" म्हणतात. त्यांना शेडमधले तेल पुसायच्या चिंध्यांचे पोते द्यावे.

कलम ५. हे कलम मी तीन वेळा फाडले आहे.

चार वर्षांपूर्वी मुलाने जुन्या गाड्यांची किंमत काढणाऱ्या एका गृहस्थाला आणले. त्याने पांढरे हातमोजे घातले, टॉर्च लावून इंजिनावरचा नंबर पाहिला आणि खालीच बसला. नंबर मूळचा होता, रंगही मूळचा. अशा गाड्या मुळात थोड्या, त्यातल्या बहुतेक गंजून गेल्या, आणि उरलेल्यांचा भाव दर वर्षी चढतो आहे, असे तो म्हणाला. यजमानांनी लेथवर केलेले भाग पाहून मात्र हळहळला. "हे मूळचे असते तर!"

"मूळचे तुटले होते," हे म्हणाले. "मग मी आता काय करायचं?"

"काही नाही, काका. हातच लावायचा नाही. पॉलिशसुद्धा नको. चालवू तर बिलकूल नका, मीटरचा आकडा वाढला की भाव उतरतो."

त्या दिवशी आमच्या गाडीची किंमत आमच्या तीन घरांएवढी झाली. आणि निवृत्त होऊन ज्यांना मोकळी दुपार मिळाली होती, त्यांना गाडीपाशी काम उरले नाही.

हे ऐकणारे नव्हते. दुसऱ्याच रविवारी पान्यांची पेटी घेऊन खाली गेले. मुलाचा मला फोन आला. "आई, एक बोल्ट बदलला तर माझ्या वर्षाच्या पगाराएवढं नुकसान आहे. तू ती पेटी लपव. चार दिवस चिडतील, मग विसरतील."

मी पेटी माळ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे ठेवली. चार दिवसांसाठी.

"अगं, माझी पेटी पाहिलीस?"

"नाही."

"इथंच तर ठेवली होती."

"असेल इथंच. नीट बघा."

ते चिडले नाहीत. शोधत राहिले. पलंगाखाली, गॅलरीत, शेडमध्ये, मग पुन्हा पलंगाखाली. तिसऱ्या आठवड्यात जेवताना हात थांबवून म्हणाले, "मला काहीतरी होतंय गं. पेटी मी कुठं ठेवली ते आठवतच नाही."

तेव्हा सांगायचे होते. माझ्या तोंडून निघाले, "वय झालं की होतं असं."

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. हे न अडखळता दोनपर्यंत आले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारले, "हे सगळं येतंय, मग माझी पेटी कुठंय?" मी शेजारच्याच खुर्चीवर होते, मांडीवर त्यांचा स्वेटर घेऊन.

त्यानंतर ते सगळ्यावर चिठ्ठ्या लावू लागले. खणावर 'चष्मा'. खुंटीवर 'चाव्या'. रिकाम्या फळीवर 'पेटी इथे होती'. भेटायला येणाऱ्यांना स्वतःच सांगत, "मी आता विसरभोळा झालोय, राग मानू नका." आठ महिन्यांनी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. शेवटपर्यंत मला ते नावाने हाक मारत होते, आणि मला शिलाई यंत्र घेऊन दिले नाही हेसुद्धा त्यांना आठवत होते. त्याची माफी मागून गेले.

शाळेत सिस्टर आम्हाला रोज संध्याकाळी दिवसातली एक चूक वहीत लिहायला लावत. साठ वर्षांनी आज लिहिते. यजमानांना विसरण्याचा आजार नव्हता. पेटी मी लपवली होती.

कलम ६. ते गेल्यावर मुलांची भांडणे झाली. मुलगा म्हणाला, "गाडी मी वाचवली. नाहीतर बाबांनी खोलून ठेवली असती."

मुलगी म्हणाली, "वाचवलीस? कोणापासून, दादा?"

त्याला दोन वर्षे झाली. एकमेकांशी बोलत नाहीत. विकायची म्हटली की "पुढच्या वर्षी आणखी चढेल" हे मात्र दोघांच्याही वकिलांचे म्हणणे. म्हणून असे ठरवते, की माझ्यामागे सहा महिन्यांत, त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाला गाडी विकावी आणि पैसे दोघांत सारखे वाटावेत. वाट पाहू नये. लेथवर केलेले भाग काढून टाकून विकू नये.

कलम ७. पान्यांची पेटी मुलाला. ही शिक्षा म्हणून देत नाही. लपव म्हणाला तो, पण रोज "नाही" म्हणणारी मी होते. ज्या पेटीतला एक पाना त्याला कधी हातात घेऊ दिला नाही, ती आता पूर्ण त्याची आहे. तेराचा पाना जागेवर आहे.

कलम ८. मुलगी दवाखान्यात औषधे देण्याचे काम करते. गेल्या महिन्यात ती इथे चष्मा शोधत होती आणि तो तिच्या डोक्यावर होता. मी हसले. ती हसली नाही.

"आई, बाबांचं असंच सुरू झालं होतं ना?"

मी चहा टाकायला उठले.

तिने दवाखान्यातली बढती नाकारली आहे. उद्या, सोमवारी, ती राजीनामा देणार आहे, कारण आपल्या हातून एखाद्याला चुकीची गोळी जाईल अशी तिला धास्ती बसली आहे. वडिलांकडून आजार आला असे ती समजते. तिच्या वाट्याला तसले काही आलेले नाही. बाबांकडून तिला त्यांचे नाक आणि हट्टीपणा आला आहे.

वकीलबाईंना मी सांगितले होते, की माझ्या मृत्यूपर्यंत हा लखोटा उघडायचा नाही. लिहिता लिहिता कळले, की मी तिच्यापासूनही पेटीच लपवते आहे. म्हणून पुढील सूचना माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच अमलात आणायच्या:

कलम ५ आणि ८ यांची माझ्या हातची नक्कल यजमानांचे कारखान्यातले जोडीदार, फिटरभाऊ, यांनी आज दिवस मावळायच्या आत मुलीला नेऊन द्यावी. माळ्यावरून पेटी त्यांनीच उतरवली, त्यांना सगळे ठाऊक आहे. दाराखालून सरकवू नये, शेजारी देऊ नये, तिच्याच हातात द्यावी. ती वाचेपर्यंत थांबावे. तिने काही विचारले तर माझी बाजू घेऊ नये.

तशीच नक्कल मुलाला, टपालाने. त्याने बहिणीला फोन करावा अशी अट मी घालत नाही. तसा मला अधिकार राहिलेला नाही.

मूळ प्रत वकीलबाईंकडे.

(सही) लिहून देणार, टर्नरची पत्नी

साक्षीदार:
१. (सही) खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
२. (सही) फिटर, निवृत्त. नक्कल मिळाली, निघालो.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे पावणेचार