बोलकं पुस्तक, प्रत एकच

३ फेब्रुवारी, सोमवार
वाचनालयाच्या दारावर नवी सूचना: 'बोलकं पुस्तक' योजना. कागदाच्या पुस्तकाऐवजी माणूस. वाचकाने अर्ध्या तासासाठी माणूस घ्यायचा, त्याचा अनुभव ऐकायचा आणि परत करायचा. वाचून अंगावर काटा आला. ही योजना माझ्याकडे बघूनच काढलेली दिसते. पाइप कारखान्याचं स्टोअर्स उभा जन्म सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. रिटायर झाल्यापासून सगळं ज्ञान डोक्यात पडून आहे. घरी सांगायला गेलं की नेमकी हिच्या कुकरची शिट्टी होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार
नाव दिलं. शीर्षक: 'स्टोअर्स ते शिखर'. ग्रंथपालबाईंनी विचारलं, शिखर म्हणजे कोणतं? म्हटलं, चीफ स्टोअरकीपर. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. भारावल्या असणार.
नियमात एक सुधारणाही सुचवली: वाचकाने मध्ये एक शब्द बोलू नये. लोकांना मध्येमध्ये तोंड घालायची फार खोड. बाईंनी लगेच मान्य केलं. काही लोकांना याची गरज आहेच, म्हणाल्या. मला शनिवारची संध्याकाळ मिळाली. बुधवार दुपारही रिकामी होती, पण दुपारी मी झोपतो.
जेवताना हिला सगळं सविस्तर सांगितलं. कोणीही पुस्तक होऊ शकतं का, एवढंच तिने विचारलं. म्हटलं, ज्याच्यापाशी सांगण्यासारखं आहे तो. विषय तिथेच संपला.

८ फेब्रुवारी, शनिवार
कडक इस्त्रीचा शर्ट. टेबल खिडकीजवळचं. शेजारच्या टेबलावर कोपऱ्यावरचा न्हावी, 'डोकी मी पाहिलेली'. त्याच्यापुढे ही गर्दी! माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. हरकत नाही. गंभीर पुस्तकाला वाचक हळूहळूच मिळतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
झोपून उठलो तर ही घरात नाही. परत आली ती गुणगुणत. विचारलं तर म्हणाली, बाहेर गेले होते. भाजीची पिशवी रिकामीच होती. चहा स्वतः करायला घेतला, साखर सापडेना. आमच्या स्वयंपाकघरात साठ्याची काही पद्धतच नाही. लोकाचं स्टोअर्स सांभाळलं आणि घरच्या डब्यांकडे दुर्लक्ष झालं. संकल्प: उद्यापासून सुधारणा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सगळ्या डब्यांना नंबर लावले. मीठ अ-१. साखर अ-२. कामवालीने तासाभरात भाजीत अ-२ घातली. ही चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. उलट लेबलं काढता काढता हसत होती आणि "हे बरं मिळालं," असं काहीतरी पुटपुटली. चिकटपट्टीबद्दल असावं. ती मीच आणली होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पहिला वाचक! परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. आपण होऊन माझ्याच टेबलाशी येऊन बसली. मालाची आवक, जावक, गंज, उंदीर, सगळं एका दमात सांगितलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. नियम किती उपयोगी! शेवटी तिने कानातून काहीतरी काढलं, टेबलाखालच्या प्लगमधून मोबाइल काढला आणि थँक्यू काका म्हणून गेली. नवी पिढी नम्र आहे. लोक उगाच नावं ठेवतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ही पुन्हा बाहेर. ठेवणीतली साडी. भाजीला ठेवणीतली साडी कशाला? विचारायचं राहून गेलं, कारण मी तिला गंजाचा किस्सा सांगत होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दोन बातम्या. एक, मला संदर्भ विभागात हलवलंय, जिन्याखाली. संदर्भग्रंथ कोणी बाहेर नेत नाही. हा मान आहे.
दुसरी, फळ्यावर लिहिलंय, सर्वांत जास्त मागणी: 'रिटायर नवरा: वापर आणि देखभाल'. कोणी बाई आहे म्हणे. बुधवारी दुपारीच मिळते आणि महिनाभराची रांग आहे. न्हाव्याचं वाचून झालंय. डब्यांना नंबर लावण्याचा भाग सांगताना त्याला हसू आवरेना. म्हणजे असा शिस्तीचा गृहस्थ आणखी एक आहे तर! त्याला भेटायला हवं. बिचारा! घरचं असं चव्हाट्यावर! आमची ही कधी असं करणार नाही. तिला चार माणसांत बोलताच येत नाही.
त्या नवऱ्याची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी. एकाचं नाव रद्द झालं होतं, तो नंबर मी घेतला. ग्रंथपालबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? मध्ये बोलता येणार नाही हं. म्हटलं, बाई, नियम कोणाचा?

२६ फेब्रुवारी, बुधवार
झोप मोडून गेलो. मुद्दे पाठ केले होते. गर्दीमुळे तिला आतली खोली दिलीय, तिचं दार उघडलं.
ठेवणीतली साडी. ही.
मी "अगं, तू..." एवढंच म्हणालो. तिने भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. बसलो.
आधी डबे आले. मग गंज, उंदीर. शिखरही आलं. खरं सांगायचं तर दोनदा मलाच हसू आलं. मग तिने चष्मा काढून पुसला.
"रिटायर झाले त्या दिवशी घरी आले आणि दारात उभे राहून खिसे चाचपत होते," ती म्हणाली. "स्टोअर्सच्या किल्ल्या शोधत होते. त्या तर सकाळीच दिल्या होत्या. मला भरून आलं. म्हटलं, आता मोकळे झाले, आता आपण दोघं बोलू. बोलले ते. अजून बोलताहेत. माणूस वाईट नाही हो. फक्त एकदा विचारावं, तुझं काय चाललंय?"
खिसे चाचपलेलं कोणी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.
विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली. वेळ संपली. बाहेर माणसं ताटकळत होती, ती परीक्षावाली मुलगीसुद्धा. या वेळी कानात काही नव्हतं.
ग्रंथपालबाईंकडे मुदत वाढवून मागितली. मिळाली नाही.
संध्याकाळी चहा मी केला. साखर न विचारता सापडली. कप हातात देऊन हिला विचारलं, तुझं काय चाललंय? म्हणाली, आज बोलून बोलून घसा बसलाय, नंबर लावा.
लावला. न्हाव्याच्या मागे आहे. तो दुसऱ्यांदा वाचतोय.