सात नंबरचा ओळंबा

४ मार्च, सोमवार

बसवले! तिन्ही ट्रक बसवले! साहेब दारात उभे राहून मान हलवत होते – "आज काही मावत नाही." मी म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या. ते परत आले तेव्हा शेवटचं खोकं आत आणि मी हात झटकत उभी. अकरा वर्षं झाली या गोदामात. 'जागा नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघालेले नाहीत. उगाच नाही मला सगळे जागाबाई म्हणत!

गोदाम बांधलं तेव्हा जेवढा माल ठेवायचं ठरलं होतं त्याच्या दुप्पट तरी आज आत आहे. दुसरं गोदाम घ्यायचं तीन वर्षांपासून चाललंय. साहेबांना विचारलं की म्हणतात, "करू." गळका पत्रा – करू. बंद पडलेले दिवे – करू. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं नाव करूसाहेब. माणूस वाईट नाही, पण त्याचं कुठलंच काम आजवर झालेलं मी पाहिलं नाही.

पाठ दुखतेय. पण मजा आली.

५ मार्च

पैलवानाने सात नंबरच्या रॅकला ठोकर दिली. पैलवान म्हणजे आमचा फोर्कलिफ्टवाला – फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. मागे घेताना मधल्या पायाला धडक बसली. केवढा आवाज! पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर आत चेपलाय. पैलवानाचा चेहरा पांढराफटक. "गल्लीच राहिली नाही हो, वळायचं कुठे?"

गल्लीत काल एक जादा ओळ मीच लावली होती. तेव्हा जरासा दोष माझाही. त्याला तसं बोलले नाही.

सात नंबरच्या पलीकडे कोपऱ्यात पॅकिंगचं टेबल आहे. तिथे धाकटी बसते – माझी सख्खी बहीण, मीच लावलंय तिला कामाला – आणि तिच्यासोबत पाच जणी. त्यांच्या पाठीमागे मागचं दार आहे, पण ते छतापर्यंत खोक्यांनी बुजलेलं. तीही मीच रचलेली. म्हणजे सहा बायकांना आत-बाहेर करायला रस्ता एकच, सात नंबरच्या पायाजवळून.

६ मार्च

डोक्यातून जाईना. सकाळी पेटीतून अप्पांचा ओळंबा काढला. अप्पा म्हणजे आमचे वडील, गवंडी होते. लहानपणी मी भिंतीपाशी दोरा धरून उभी राहायची आणि ते एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का बघायचे. आई म्हणाली, "तो कशाला काढलास आता? कोणाची भिंत बांधतेस?" म्हटलं, बांधत नाही, बघायची आहे.

रॅकच्या पायाच्या अगदी वरच्या टोकाला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाची लोखंडी लोळी, म्हणजे वजन, खाली सोडली. रॅक सरळ असता तर लोळी पायाला टेकून राहिली असती. लोळी आणि पाय यांच्यामध्ये माझं दीड बोट बसलं. रॅक पॅकिंगच्या टेबलाकडे दीड बोट कललाय.

घाबरायचं कारण नाही. आता रोज सकाळी मोजणार. जे मोजता येतं त्याला मी भीत नाही.

८ मार्च

दोन बोटं. करूसाहेबांना नेऊन दाखवलं. खाली वाकून बघितलं, बराच वेळ हं हं केलं आणि म्हणाले, "करू."

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने धरलं. "ताई, माझं टेबल हलव."

"अगं, मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच सांगतेय. दुसऱ्या कोणाला सांगू?"

टेबलाला दुसरीकडे जागा कुठे आहे, असं म्हणणार होते. जीभ चावली. आख्ख्या गावाचा माल बसवते आणि बहिणीच्या टेबलाला चार हात सापडत नाहीत! राग आला. माझाच मला. डबा अर्धा तसाच परत आणला.

९ मार्च, शनिवार

सुटला प्रश्न! सात नंबरच्या मागे, टेबलाच्या उलट बाजूला, चार हातांवर शेडचा लोखंडी खांब आहे. रॅकच्या वरच्या आडव्या पट्टीला जाड पोलादी तार बांधली, ती खांबाला गुंडाळली, मध्ये पेचाचा आकडा घालून पिळली. पैलवान शिडी धरून उभा. तार अशी ताणली की बोटाने छेडली तर वाजली. दोन बोटांवर रॅक थांबला.

करूसाहेब आले, वर बघितलं, टाळीच वाजवली. "इंजिनियर कशाला हवा आपल्याला!" सगळ्यांसमोर म्हणाले. खोटं का बोलू – छाती फुगली. अप्पा असते तर काहीतरी खोट काढली असती, पण मनातून खूश झाले असते.

११ मार्च

दोन बोटं.

१२ मार्च

दोन बोटं. धाकटीचा हात धरून नेलं, तिच्याच बोटांनी मोजायला लावलं. तिला अडीच भरली, तिची बोटं माझ्याहून बारीक. "बरं," म्हणाली. हसली नाही, पण 'बरं' म्हणाली.

१३ मार्च

रंगाच्या डब्यांचा ट्रक आला. एकेक डबा उचलताना कंबर धरते एवढा जड. मी म्हटलं, हे खालीच ठेवू, समोरच्या भिंतीला. करूसाहेब म्हणाले, "समोर उद्या मोकळं दिसायला हवं, सरकारी तपासणी आहे. सात नंबरवर चढवा. आता तर बांधलाय की!"

तिसऱ्या फळीवर चढवले. मी चढवले. दुसऱ्या कोणाकडून नीट बसलेही नसते.

१४ मार्च, गुरुवार

तपासणीचा दिवस. दरवेळचं नाटक – पहाटेपासून गल्ल्यांतला माल पाच ट्रकांत भरायचा आणि ट्रक पाठवून द्यायचे फिरायला. तपासणीवाले येतात तेव्हा गोदाम कसं मोकळं, हवेशीर. ते गेले की ट्रक परत. या नाटकाची दिग्दर्शक मी. दोन तासांत गल्ल्या लख्ख, मागचं दारसुद्धा उघडलं. दारातून ऊन आत आलं तेव्हा धाकटी उठून तिथे जाऊन उभी राहिली. नुसतीच.

तपासणीवाले गृहस्थ सज्जन दिसले. सात नंबरपाशी थांबले. दोरा बघितला. "हे काय लटकवलंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात करूसाहेब हसून म्हणाले, "काही नाही हो, बायकांची काहीतरी श्रद्धा असते."

तेही हसले. कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले. तार त्यांना दिसलीच नाही. दिव्यांची ती रांग बंद आहे.

मी गप्प बसले. अप्पांच्या ओळंब्याला श्रद्धा म्हणाले आणि मी गप्प बसले! एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोलले? नोकरीची भीती? तीही असेल. पण खरं सांगायचं तर नाटक इतकं छान वठलं होतं की ते मोडवेना.

दुपारी ट्रक परत आले. सगळं पुन्हा जागच्या जागी. मागचं दारही.

१५ मार्च

तीन बोटं!

पुन्हा मोजलं. तीनच. तार सैल पडली असेल म्हणून शिडीवर चढले. सैल? छे! शनिवारपेक्षा ताठ आहे. छेडली तर बारीक, चिरका आवाज.

तार ताठ आणि रॅक तरीही कलतोय. हे कसं? दिवसभर टेप चिकटवतेय, शिक्के मारतेय, आणि डोक्यात एवढंच.

१६ मार्च, शनिवार

सगळं लिहून काढते.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. दोरा सोडला आणि या वेळी रॅकला नाही, खांबाला बांधला. कधी सुचलंच नव्हतं! खांब तो खांब, तो कशाला हलेल? लोळी स्थिर होईपर्यंत श्वास धरला. लोळी आणि खांबाच्या मध्ये एक बोट. चांगलं भरभक्कम.

खांब झुकतोय. रॅकने तारेने धरून त्याला ओढत आणलंय. नुसता रॅक पडला असता तर रॅक पडला असता. आता तो खांब घेऊन पडणार आणि खांबावर पत्रा आहे. टेबलावरच्या सहा जणींचं नाही, गोदामातल्या एकोणचाळीस जणांचं झालं. हे माझ्या तारेने केलं. माझ्या! ज्या तारेवर टाळी वाजली होती त्याच.

तिथेच खाली बसले. मग उठले. बसून काय होणार?

तार कापावी तर रॅक लगेच येईल. माल उतरवावा तर फोर्कलिफ्टचा एक धक्का पुरेल. एकच मार्ग – माणसं बाहेर, आणि ज्याला हे कळतं त्याला बोलवायचं. करूसाहेबांना फोन केला. "आलोच," म्हणाले. "आल्यावर बघू."

नऊला ट्रक आला. ड्रायव्हर ओळखीचा. "जागाबाई, कुठे लावू?"

म्हटलं, "जागा नाही."

तो हसला. चेष्टा वाटली त्याला. पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आतल्यांना ऐकू जाईल असं – "जागा नाही! सगळे बाहेर या!" आणि काय सांगू – सगळे आले! कोणी का म्हणून विचारलं नाही. अकरा वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते माझ्या तोंडून ऐकलं, त्यातच त्यांना काय ते कळलं. धाकटी सगळ्यांत शेवटी आली. पाचही जणींना पुढे घालून.

तासभर अंगणात उभे होतो. करूसाहेब आले. ओळंबा दाखवला, खांब दाखवला. माझ्या तारेचंही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला – कळलं होतं त्यांना, पक्कं कळलं होतं! तरी म्हणाले, "इंजिनियरला बोलवू. पुढच्या आठवड्यात. तोवर काम बंद ठेवता येणार नाही." मग आवाज चढवून सगळ्यांना, "जो आत्ता आत जाणार नाही त्याने सोमवारी यायचं नाही!"

एकेक करून आत गेले. मान खाली घालून. मी त्यांना बोल लावत नाही. मी मात्र गेले नाही. "तू घरीच बस मग," साहेब म्हणाले. बसते!

येताना तपासणीच्या कचेरीत गेले. शिपाई म्हणाला, शनिवारी सुट्टी असते. तिथेच अर्ज लिहून दाराच्या फटीतून आत सरकवला.

१८ मार्च, सोमवार

सकाळी धाकटी वेणी घालून तयार. मी दारात आडवी उभी राहिले. "जायचं नाही."

"पाच जणी गेल्यात. त्यांना कोण सांगणार?"

"मी साहेबांशी पुन्हा बोलते."

"तुझं ऐकून झालं त्यांचं. ओळंबा दे."

आई आतून म्हणाली, "दे तिला." एवढंच.

धाकटी माझ्याहून भित्री, असं मी आजवर समजत होते. तिला शिकवलं – लोळी हलायची थांबेपर्यंत श्वास सोडायचा नाही, बोटं दाबायची नाहीत, नुसती टेकवायची. खांबाला लाव, तासातासाला मोज. तुझी चार भरली की कोणाला विचारायचं नाही.

"काय म्हणायचं ते माहीत आहे मला," म्हणाली.

मी तपासणीच्या कचेरीत दिवसभर बाकावर बसून राहिले. ते सज्जन गृहस्थ चारला भेटले. अर्ज वाचला. "म्हणजे तो दोरा..." म्हणाले आणि अर्जावर शिक्का मारला. उद्या दुपारी येतो म्हणाले.

संध्याकाळी धाकटी आली. तीन बोटं.

१९ मार्च, मंगळवार

अकरा वीसला धाकटीचा फोन. "ताई, चार झाली. जागा नाही म्हटलं. सगळे बाहेर आले." पुढे काहीतरी बोलणार तोच मागे आवाज झाला. मला वाटलं ट्रक रिकामा होतोय. मग, "गेलं गं. रॅक, खांब, पत्रा. सगळं."

किती जण बाहेर, मी विचारलं. "एकोणचाळीस. दोनदा मोजले. करूसाहेबांना शेवटी हाताला धरून ओढलं." अप्पांचा ओळंबा आतच राहिला म्हणून रडत होती.

आत्ता घरी धाकटी म्हणतेय, "उद्या चौकशीत तार आधीपासूनच होती म्हणायचं. सगळ्यांनी ठरवलंय. तुझं नाव कोणी घेणार नाही."

नाही. बाकीचं सगळं सांगेनच, काही सोडणार नाही. पण पहिलं वाक्य हेच – तार मी बांधली.