भुलाबाईची खिरापत आणि मीनाची दाढ

पिपलानी, भोपाळ
३ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. कुसुमताईस,
सा. न. वि. वि.

मीनाची मागची दाढ किडली. दुधाची आहे, पडेल, असंच आम्ही दोघं समजत होतो. आज डॉक्टर म्हणाले, सहाव्या वर्षी ही दाढ कुठलाही दात न पाडता मागून येते, म्हणून घरोघरी हाच समज होतो. पण ती कायमची असते. कीड आतल्या नसेपर्यंत गेली असेल तर काढावी लागेल आणि त्या जागी दुसरी येणार नाही. पुढच्या आठवड्यात कळेल.

त्यांनी खाणं विचारलं. भुलाबाईचा महिना म्हणजे काय, हे हिंदीत समजावताना माझी दमछाक झाली. आम्ही नागपूरकडच्या बायका रोज संध्याकाळी मुलींना क्वार्टर-क्वार्टर फिरवतो. प्रत्येक घरी गाणी, डबा हलवून खिरापत ओळखायची, मग खायची. ते म्हणाले, साखर किती यापेक्षा किती वेळा, हे महत्त्वाचं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल करतात, दातावरचं कवच झिजतं. लाळ ते हळूहळू सावरते. पण तेवढ्यात पुढच्या घरची चिक्की येते. शेवटी पोर पेंगत येते आणि तशीच झोपते.

कॉलनीत हा खेळ मीच सुरू केला. आता बंद करू का? ऑफिसातून आल्यावर ठरवायचंही त्राण उरत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुझी,
विमल

नागपूर
९ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

तुझे भाऊजी म्हणतात, शेजारी कुणाला शिंक आली तरी विमल स्वतःचंच काय चुकलं ते शोधेल. भुलाबाई बंद करू नकोस. डबा घरोघरी हलवा, उघडा मात्र शेवटच्या घरी, सगळे एकदम. आणि झोपण्यापूर्वी तिचे दात तू घास. एवढ्या मुलीचा हात मागे पोचत नाही. मी जन्मभर सकाळी घासले, रात्री कधीच नाही. त्याचं फळ रोज रात्री वाटीत पाण्यात ठेवते.

दाढेचं काय झालं ते लगेच कळव. सर्वांना प्रेम.

तुझी ताई

पिपलानी, भोपाळ
२२ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दाढ राहिली. कीड नसेच्या अगदी जवळ होती, चांदी भरली. दुसऱ्या बाजूच्या दाढेवर पांढुरका डाग आहे. तो इथेच थांबू शकतो म्हणाले, फ्लोराइडची पेस्ट रोज लावली आणि तोंडाला मधे मधे विसावा दिला तर. म्हणजे काम संपलं नाहीच.

शेजारच्या उषावहिनी म्हणाल्या, विमलताईंनी भुलाबाईलाही उपास धरायला लावला. पण डबे एकदाच उघडायचे, यात त्यांचीही दगदग वाचली. काल आमच्या डब्यात काकडीचे काप होते, ठासून भरलेले. डबा वाजेचना. मुलींनी करंजीपासून जिलबीपर्यंत सगळं सांगून पाहिलं. मीनाला ठाऊक होतं, पण ती फुटली नाही.

रात्री तिचं डोकं मांडीवर घेऊन दात घासत होते. रोज बोट चावते. काल मात्र विचारलं, मावशीएवढी झाल्यावरही ही दाढ असेल का. सांभाळली तर असेल, म्हटलं. तिने आपणहून आ वासला.

ती झोपल्यावर दिवा मालवून मीही आडवी झाले. मग उठले आणि माझे दात घासले.

तुझी माया अशीच लाभो.

तुझी,
विमल