झाडूचा ढोल आणि सहा तबकड्या

३ नोव्हेंबर १९५७, रविवार

वादात पुन्हा हरलो! गुणवंतराव आत्ताच सायकलवर टांग मारून गेले आणि मी इथे चरफडत बसलोय. सूरजागडच्या पायथ्याशी लोखंडाच्या दगडाची पाहणी चालली आहे, त्या कॅम्पावर ते ओव्हरसियर. मी आठ मैल अलीकडे, लाकूड डेपोत कारकून. या सगळ्या मुलखात जाझ ऐकणारी माणसं दोन, आणि त्या दोघांचं एकदाही पटत नाही.

माझा लाडका अल्बम ते आठवड्यासाठी घेऊन गेले — नाचाच्या बँडचा, कामठीला एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मिळालेला. त्यांचा माझ्याकडे. जाड पुठ्ठ्याच्या वहीत सहा तबकड्या. जाता जाता म्हणाले, "सोमाजीबाबू, तुमचं हे नाचघरातलं. माझं आयका, मूळ समजन." मूळ म्हणे! ट्रम्पेट गोऱ्यांचं, पियानो गोऱ्यांचा, मग मूळ कोणाचं?

६ नोव्हेंबर

त्यांच्या अल्बममधली चौथी तबकडी सहा वेळा लावली. अंत्ययात्रेचा बँड. एका बाजूला जातानाचं — संथ, रडवं. उलटवली की परततानाचं, आणि ते चक्क नाचायला लावतं. मयताहून येताना कोणी नाचतं का? डोक्यातून जात नाही. आज पावतीवर सागाऐवजी बिजाचं लाकूड लिहिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

गेल्या वर्षी नागपूरला दीक्षा घेतल्यापासून गुणवंतराव जास्त ठासून बोलतात. किंवा मलाच टोचतं. "वाजा कोणाचा ते नका पाहू. ज्या काळ्या गुलामाईचे ढोल हिसकून घेतले, त्याईनं मालकाच्याच वाज्यात आपला ठेका घातला. मूळ तिथी आहे." मी म्हटलं, पुरावा द्या.

तेवढ्यात ग्रामोफोनला चावी देणारा झाडू आपण होऊन बोलला. झाडू आमचा चौकीदार, नाल्यापलीकडच्या माडिया गावचा, चाळिशीचा, एरवी अबोल. "हे मयताचं वाजवून राह्यले ना, बाबू?" त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. कसं ओळखलंस? "जातानी पाय जड पडते. वापस येतानी हलके. आमच्या इथी बी असंच."

गुणवंतराव मांडीवर थाप मारून हसले. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, पुढच्या रविवारी ढोल आण, तबकडीसोबत वाजव. जुळलं तर मी हरलो.

१२ नोव्हेंबर

झाडू नको म्हणतो. "तो ठेका मेल्याबिगर नाई वाजत, बाबू. आमचा ढोल आयकून दुसरं गाव वाजवते, तिथून तिसरं. नातेवाईक निघते." मी म्हटलं, हळू वाजव, डेपोच्या मागे. तरी नकोच म्हणाला. मग मी म्हटलं, जानेवारीत तुझी नोकरी पक्की व्हायची आहे, कागद माझ्याच हातून जाणार.

बोललो असं. गुणवंतरावांना ठाऊक नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

वाजवलं त्यानं. आधी हळू, मग हात सुटले. तबकडी संपली तरी थांबेना. जुळलं का? तंतोतंत नाही, पण चाल तीच, तेच जड पाऊल. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हरलो आणि मला इतका आनंद झाला की त्यांना मिठीच मारली!

मग झाडूच्या गावापलीकडून ढोल ऐकू आला. थोड्या वेळानं त्याच्याही पलीकडून. झाडूनं काड्या खाली ठेवल्या.

१९ नोव्हेंबर

झाडूच्या गावी माणसं आली. चाळीसेक असतील, पानांच्या पुड्यांत तांदूळ घेऊन. झाडूची बहीण मंगली दोन दिवस चालून, पाठीला पोर बांधून, रडतच गावात शिरली — "माय गेली का?" माय, सुकरीबाई, अंगणात धान पाखडत बसलेली. म्हातारी हसली, सगळ्यांना जेवू घातलं. जाताना एका बुजुर्गानं झाडूला एवढंच विचारलं, कोणासाठी वाजवलंस? त्यानं माझं नाव घेतलं नाही.

ढोलाचं ऐकून गुणवंतरावही आले होते; डेपोवर परतल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्याले काय म्हटलं होतं?" मी पावत्यांचं पुस्तक उघडलं. त्यांनी त्यांचा अल्बम उचलला, माझा परत ठेवला.

२४ नोव्हेंबर, रविवार

कोणी आलं नाही. नाचाचा बँड लावला, अर्ध्यात बंद केला.

९ जानेवारी १९५८

झाडूचा कागद झाला. दोन्ही हातांनी घेतला त्यानं. मी माफी मागायची म्हणून उभा राहिलो आणि विचारलं काय, तर धान किती झालं! लाज वाटते स्वतःची.

१८ जानेवारी

सकाळपासून ढोल. तोच ठेका. सुकरीबाई गेली. मी नाल्यावर जाऊन उभा राहिलो, त्यांच्या पुढच्या गावाचा ढोल ऐकायला. दुपार झाली. एकदाही वाजला नाही. त्यांना वाटलं असेल, मागच्यासारखाच खोटा ढोल चाललाय.

निरोप घेऊन माणूस पळाला आहे. पण मंगलीचं गाव दोन दिवसांवर.

१९ जानेवारी

थांबून थांबून आज नेलं. मंगली आली नाही. गुणवंतराव आले होते, माझ्याशेजारून चालले. जाताना पाय जड होते. येताना झाडूनं ढोल गळ्यात अडकवला, पण वाजवला नाही.