तळहाताशी बोलणारी बाई

३ जून, सोमवार
नांदेडला लेकाकडं पोचले, तर सगळ्यात आधी आली ती शेजारची सिंधु. माझी पिशवी अजून पायरीवर, तर ही विचारून राहिली, कंधारात पाणी येतं का, मावशी गुडघे कसे हाईत. दवाखान्यात नर्स हाय, लई बोलकी. मागून सून शिवकन्या, मग नात सृष्टी पळत. लेक मल्लेशनं माझ्यासाठी नवी खोली केली. नांदेडचं वरण पातळ हाय, पण लेकाच्या घरी कोण नावं ठेवतं? साक्षरता वर्गात शिकले तेवढं लिहून ठेवते.

६ जून, गुरुवार
सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, आम्हा लिंगायतांची रीतच हाय ती, नेहमीसारखं त्याच्याशी दोन शब्द बोलले. मल्लेश दारात फोन धरून उभा. म्हणलं, ये, तू बी बस. हसून गेला. माझ्या नावावरचं कंधारचं बसस्टँडजवळचं दुकान विकायला मी नको म्हणलं, तवापासून लई गोड बोलतो. जेवल्यावर शिवकन्या ताकदीची गोळी देती. दुपारभर झोप येती.

१० जून, सोमवार
एक डॉक्टर न् एक मॅडम आल्या. मल्लेशनं फोनवर माझी पूजा दाखवली. म्हणला, "आई तळहाताशी बोलती." त्याच्या सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आत त्याचं बी लिंग हाय. डॉक्टर बाहेरगावचे. हातात कोण दिसतं म्हणले. मी म्हणलं, शिव. त्यांनी लिहून घेतलं. मग वार विचारला. मला शनिवार वाटला; सोमवार हाय ते मागनं सृष्टीनं सांगितलं.

१२ जून, बुधवार
सिंधुला सगळं सांगितलं. ती म्हणली, मनाचा आजार असला तरी लाज न्हाई, पण एकट्या लेकाच्या शब्दावर कुणाला दवाखान्यात ठेवता येत न्हाई. दोघा जाणत्यांनी वेगवेगळं तपासायचं, आपल्या वतीनं बोलणारा माणूस आपणच निवडायचा, पटलं न्हाई तर सरकारच्या मानसिक आरोग्य मंडळाकडं दाद मागायची. मी म्हणलं, मल्लेशनं आधारचा म्हणून एका कागदावर सही घेतली. सिंधुनं उठून दार लोटलं. मग म्हणली, "मावशी, त्यात तुमच्या वतीनं बोलणारा म्हणून त्यानं स्वतःचं नाव घातलं असंल. आपण दुसरा कागद करू. उद्या येते."

बहुतेक शुक्रवार
सिंधु आली न्हाई. शिवकन्या म्हणती, तिची लातूरला बदली झाली. पण जिन्यात तिचाच आवाज — मावशी कुठं हाईत म्हणून — आन् शिवकन्या सांगती, कंधारला गेल्या.
खोलीला बाहेरून कडी.

वार ठाऊक न्हाई
गोळी थुंकली. दुसरी दुधात होती, उशिरा कळलं —
गळ्यात लिंग न्हाई. मल्लेश म्हणला, दोरा तुटला.
सिंधुचा तो दुसरा कागद झाला न्हाई, म्हणून या वहीतच लिहिते. माझ्या वतीनं सिंधु बोलंल. मल्लेश न्हाई. सही, गुरम्मा.
ते डॉक्टर न् मॅडम मंगळवारी परत येतो म्हणून गेले होते. पुन्हा वारच विचारणार. दाराच्या फटीतून सृष्टीला विचारलं, बाळा, आज काय वार? ती रडायला लागली. म्हणली, आजी, पप्पा म्हणले, तुला वार सांगायचा न्हाई, मंगळवार होईस्तोवर —