कढीपत्त्यासाठी जांभळा उजेड

१२ नोव्हेंबर २००६, रविवार
वसुधाशिवाय दिवाळी झाली. सांगलीच्या एका शाळेने तिला वर्षभरासाठी मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येईल, एव्हाना कंटाळलीही असेल. तोवर तिची झाडं माझ्याकडे. कढीपत्ता, गवती चहा, अळू. सगळी माहेराहून रेल्वेने चंदीगडला आणलेली. तिचं म्हणणं, बाल्कनीत ऊन येतं, तिथेच राहू द्या, पाणी बेताने घाला. हे झालं अंदाजपंचे. मी इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये उपकरणं दुरुस्त करतो, मला सायंटिफिक पद्धत लागते. नेटवर वाचलं की झाडाला फक्त लाल आणि निळा उजेड लागतो. म्हणजे बाकीचा सूर्य वायाच जातो.
संकल्प : स्वतः एलईडी ग्रो लाइट बनवणे. रोज सकाळी फिरायला जाणे.

१९ नोव्हेंबर
सेक्टर अठरामधून एलईडी आणले. दुकानदाराने विचारलं, घरात लग्न आहे का? म्हटलं, रिसर्च आहे. कॉम्प्युटरचा जुना पॉवर सप्लाय घरात होताच. कुंड्या बाल्कनीतून आतल्या खोलीत हलवल्या.
थंडी. फिरायला गेलो नाही.

३ डिसेंबर
दिवसभर सोल्डरिंग. डायनिंग टेबलवर डाग पडला, किरकोळ. नेत्रा म्हणाली, टेबल आईचं आहे. टेबल घराचं असतं. मुलगी कॉलेजात गेली तरी हे कळत नाही. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.
लाल लागले. निळे लागेनात. लाल पाच एका ओळीत चालतात म्हणून निळेही पाच जोडले होते. निळ्याला व्होल्टेज जास्त लागतं. मला माहीत होतंच, घाईत राहिलं.
वसुधाचा फोन आला होता. आयर्न गरम होतं म्हणून बोललो नाही.

१७ डिसेंबर
लाइट लागला. सगळी खोली जांभळी. समोरच्या मिसेस ग्रेवाल येऊन विचारून गेल्या, पार्लर उघडलंत का, थ्रेडिंगचं काय घेता? त्या मला प्रोफेसर साहब म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, उगाच त्यांना ओशाळल्यासारखं होईल. कुंड्या बाहेर उन्हात ठेवा म्हणाल्या. मी त्यांना प्रकाशाचं शास्त्र समजावून सांगितलं. चहा अर्धा टाकून गेल्या.

३१ डिसेंबर
कढीपत्त्याची पानं गळतायत. झाड नव्या उजेडाशी जुळवून घेतंय. अळू लांबलचक झालाय, जरा पिवळा. लांबी म्हणजे वाढच.
वसुधाला फोनवर सांगितलं, वाढ चांगली आहे. तिने विचारलं, तुमच्या जेवणाचं काय चाललंय. मी वॅटेज सांगितलं. मग तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

१४ जानेवारी २००७
धुकं. समोरची बिल्डिंग दिसत नाही. गवती चहा वाळला. अळू कुजला, पाणी कदाचित एखादा मग जास्त झालं असेल. नेत्रा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, ये सब मर चुके हैं." मी म्हटलं, थंडीत झाडं झोपतात, याला डॉर्मन्सी म्हणतात. ती गेल्यावर कढीपत्त्याची फांदी नखाने खरवडून पाहिली. आत तपकिरी. काही वाटलं नाही. लाइट चालूच ठेवला.
संक्रांतीचा फोन नेत्राने घेतला.

४ फेब्रुवारी
वसुधा शनिवारी येतेय. सुट्टी नसताना येतेय, म्हणजे शाळा सोडली. मला अंदाज होताच.
पिंजौरच्या नर्सरीतून नवा कढीपत्ता आणायचं ठरवलं. बसची वेळ जमली नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
काल वसुधा आली. आल्या आल्या कपाट आवरायला घेतलं. स्वतःचे सगळे स्वेटर काढून मिसेस ग्रेवालना दिले. तिला नवे घ्यायचे असतील.
दुपारी तिला खोली दाखवली. ती स्टुलावर बसली. जांभळ्या उजेडात तिचा चेहरा ओळखीचा वाटेना. म्हणाली, "हे सगळं झाडांसाठी केलंत?" हो म्हटलं. "आणि झाडं?" मी डिझाइनमध्ये काय बदल करणार ते सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून वाळकी झाडं आणि कुंड्यांमधली माती एका पोत्यात भरली आणि कुंड्या धुऊन ठेवल्या.
आज पहाटे तिला स्टेशनवर सोडायला गेलो, उरलेलं सामान आणायला निघाली असावी. गाडी लागलेली होती. वसुधा म्हणाली, "शाळेने मला कायम केलंय. मी आता तिकडेच राहणार आहे. नेत्राशी बोलले आहे. तुमच्याशी बोलायलाच आले होते."
मी म्हटलं, "निळे कमी पडले. निळे वाढवायला हवे होते."
 तिने माझा मफलर नीट केला आणि डब्यात चढली.
घरी आलो तर नेत्रा जागीच होती. "आपने रोका नहीं?"
म्हटलं, प्लॅटफॉर्मवर गर्दी होती, बोलता आलं नाही.
गर्दी नव्हती.